विलायती आगगाडीच्या दुरुस्तीच्या नावाखाली ३७,७०० रुपये गेले, इंजिनही गेले

आजोबांकडून वारशाने आलेल्या खेळण्यातल्या विलायती आगगाडीची किंमत ठरवून ती दुरुस्त करून देतो, असे सांगणाऱ्या एका गृहस्थाने आमचे ३७,७०० रुपये लुबाडले आणि खरे इंजिनही पळवले. जुन्या घरांतल्या संदुकींचा माग काढत अशी माणसे आता खेड्यांपर्यंत पोहोचली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

आजोबा मूर्तिजापूरला शकुंतला या छोट्या रुळांच्या रेल्वेवर नोकरीला होते. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाने त्यांना हॉर्नबी डब्लो या खेळण्यातल्या विजेच्या आगगाडीचा तीन रुळांचा (मधल्या रुळावरून वीज घेणारा) संच दिला होता. त्यात ‘डचेस ऑफ ॲथॉल’ हे तांबडे इंजिन, डबे, रूळ आणि पुठ्ठ्याची मूळ खोकी होती. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने डब्लो १९३८ साली बाजारात आणली आणि १९६४ साली ती कंपनी लाइन्स ब्रदर्सकडे गेली, हे त्या माणसाने आमच्या ओसरीवर बसून अचूक सांगितले. मी ते पडताळून पाहिले होते, त्यामुळे कोणी आम्हाला भोळे म्हणू नये. इतक्या खऱ्या माहितीत मिसळलेले खोटे भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

तरीही एक क्षण आजही जिवाला जाळतो. त्याने खिशातून चुंबक काढून इंजिनाला लावले, ते चिकटले नाही, आणि “भाऊ, सांगाडा अस्सल नाही, २,५०० च्या वर कोणी देणार नाही,” असे तो म्हणाला. आम्हाला विकायचे नाही, असे कळताच, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, तोच माणूस सांगू लागला की इंजिनाच्या ओतीव जस्ताला कीड लागली आहे, म्हणजे धातू आतून ठिसूळ होत आहे, आणि औषध लावले नाही तर वर्षभरात त्याचा भुगा होईल. जस्ताच्या मिश्रधातूला चुंबक मुळातच चिकटत नाही, म्हणजे त्याची पहिली परीक्षाच खोटी होती. आई दारातून म्हणालीही, “मघाशी तर नकली म्हणत होते न हे?” पण आजोबांची वस्तू डोळ्यांदेखत भुगा होणार, हे ऐकल्यावर कोणाचे डोके ठिकाणावर राहते? ओतताना जस्तात शिसे मिसळले गेले तर ही कीड लागते आणि एकदा लागली की तिच्यावर औषध नाही. औषधाचे पैसे मागणाऱ्याला तिथेच उठवावे.

औषध आणि रंगाचे १२,५०० रुपये त्याने रोख घेतले आणि प्रवासात इंजिन फुटू नये म्हणून खोकीही नेली. जुन्या संचाची बरीचशी किंमत खोक्यांत असते; ती घराबाहेर जाऊ देऊ नका. पुढे विलायती मोटरसाठी १८,००० आणि सीमाशुल्काचे म्हणून ७,२०० रुपये त्याने यूपीआयवर मागवले. सीमाशुल्क कोणा खासगी माणसाच्या मोबाइल क्रमांकावर भरले जात नाही.

पार्सलमधून आले ते चकचकीत रंगवलेले, दोन रुळांवर चालणारे दुसरेच इंजिन. मधल्या रुळावरून वीज घेणारी पट्टी त्याला नाहीच. दोन रुळांची डब्लो १९५९ साली निघाली आणि आमचा साहेब त्याच्या कितीतरी आधी गेला होता. शिवाय मूळ रंग खरवडून नवा दिला की अस्सल इंजिनाचीही किंमत पडते, म्हणून रंगाचे नाव काढणाऱ्याच्या हाती काहीच देऊ नये.

पोलीस ठाण्यात ठाणेदारांनी “खेळण्याची कसली तक्रार?” असे विचारून आम्हाला त्या माणसाच्या शहरात पाठवले, तिथल्यांनी गुन्हा तुमच्याकडे घडला म्हणून परत धाडले, आणि अखेर आमच्या ठाण्याने हा दिवाणी वाद आहे, असे तोंडी सांगून कागदाला हातही लावला नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठी आणि कलम ३१६ विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपण्यासाठी आहे. हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवावी लागते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे. हे आम्ही शेतकऱ्यांनी ठाण्याला समजावून सांगायचे काय? बँकेने तर पैसे तुम्हीच पाठवले, एवढे म्हणून हात झटकले. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. आम्ही पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने अर्ज दिला आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जात आहोत. तिथे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आमच्या इंजिनावर ६२३१ हा क्रमांक आहे आणि तळाला आजोबांनी सुईने कोरलेला ‘वि’ आहे. ते कोणी विकायला आणले तर घेऊ नका, विकणाऱ्याची पावती मागा आणि आधी जवळच्या ठाण्यात कळवा.