जुन्या शाईपेनांबरोबर अकरा महिने: आधी रबर बघा, मग निब

गेल्या वर्षी आत्याने साताऱ्याचं घर आवरलं, तेव्हा अण्णांच्या (माझ्या आजोबांच्या) वकिलीच्या कागदांच्या ट्रंकेत एक काळं पेन सापडलं. स्टीलचं टोपण, त्याला बाणाची क्लिप. "तू शिकवतेस, तुलाच राहू दे. शाई घालून बघ, चाललं तर चाललं," म्हणत तिने ते माझ्या पर्समध्ये कोंबलं.

नाशिकला आल्यावर बेसिनपाशी उघडलं. मधल्या कड्यापाशी फिरवलं की मागचा भाग निघतो, आत धातूची नळी आणि तिच्यावर इंग्रजीत सूचना कोरलेली: ही पट्टी सहा वेळा दाबा. ग्लासभर पाण्यात तोंड बुडवून दाबली, तर निळं पाणी बाहेर आलं. ग्लास बदलला, पुन्हा निळं. अण्णांना जाऊन एकतीस वर्षं झाली, म्हणजे ही शाई निदान तेवढी तरी जुनी. सहाव्या-सातव्या ग्लासाला पाणी नितळ झालं. मग घरातली कॅमलची रॉयल ब्लू भरली आणि पाठकोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढली. न अडता उमटली.

घात झाला तो तिथेच. मला वाटलं, जुनी पेनं अशीच असतात: धुवायची, शाई भरायची, लिहायचं. त्या गैरसमजापायी पुढच्या अकरा महिन्यांत आणखी तीन पेनं घेतली आणि सुमारे सोळा हजार रुपये घातले. त्यातले निम्मे शिकण्याची फी समजते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे केलं ते वाचून कोणीतरी विचारणारच.

आधी त्या पहिल्या पेनाबद्दल. ते निघालं पार्कर 51. पार्कर कंपनी 1888 सालची. 1939 ला तिला एकावन्न वर्षं झाली, त्यावरून हे नाव. अमेरिकेत 1941 ला बाजारात आलं आणि पुढे तीसेक वर्षं बनत राहिलं. अण्णांचं इंग्लंडमध्ये बनलेलं आहे. याचं निब जवळजवळ दिसतच नाही, पुढच्या निमुळत्या टोपीत लपलेलं असतं, टोक तेवढं डोकावतं. निब उघडं राहत नसल्यामुळे पटकन वाळत नाही. वर्गात मुलांच्या शंका संपेपर्यंत पेन उघडं ठेवलं तरी पुढचं अक्षर उमटतं. आज दुकानात मिळणाऱ्या कितीतरी नव्या पेनांना हे जमत नाही.

त्या टोपीच्या आत चकत्या-चकत्यांची एक नळी असते, तिला कलेक्टर म्हणतात. हाताच्या उबेने पेनातली हवा फुगते आणि शाई पुढे ढकलते. ती जास्तीची शाई या चकत्यांच्या फटींमध्ये थांबून राहते, कागदावर डाग पडत नाही. शाळेत आपण सगळ्यांनी ड्रॉपरने भरायची पेनं वापरलीत. शाई तळाला आली की ती हमखास गळायची, खिशाला डाग आणि घरी ओरडा. कारण हेच: शाई कमी, हवा जास्त, आणि अंगाची ऊब. मे महिन्यात, नाशिकच्या उन्हात, 51 ने मला एकदाही डाग दिला नाही.

पण ते तीस वर्षांनी पहिल्याच भरण्यात का चाललं, हे मला बरंच नंतर कळलं. 1948 पासूनच्या 51 मध्ये शाईची पिशवी रबराची नाही. तिला पार्करने प्लायग्लास असं नाव दिलं होतं. तो पीव्हीसीच्या जातीचा पारदर्शक प्लास्टिक आहे. तो सहसा कडक होत नाही आणि वितळून चिकटही होत नाही. याच्या आधीच्या, 1941 ते 48 मधल्या 51 मध्ये मात्र व्हॅक्युमॅटिक नावाची रचना होती. पेनाच्या मागच्या टोकाला दट्ट्या, आत रबरी पडदा. दिसायला तेच पेन, नावही तेच, पण आतला पडदा रबरी. सत्तर-ऐंशी वर्षांचं रबर कसं असतं ते तिसऱ्या पेनाने दाखवलं.

त्याआधी दुसरं. पुण्याला गेले होते, रविवार होता, जुन्या बाजारात चक्कर मारली. एका फडक्यावर घड्याळांच्या पट्ट्या, कुलपं आणि पेनं मांडलेली. विक्रेत्याने आधी माझ्या हातात एक "पार्कर" दिलं. टोपणावर बाण होता, दिसायला अगदी अण्णांच्या पेनासारखं. मी मागचा भाग फिरवून काढला, तर आतल्या नळीवर हीरोचं नाव. हीरो 616, म्हणजे 51 सारखं दिसणारं चिनी पेन, वाईट अजिबात नाही, माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलांनी दहावी त्यावर दिली असेल. पण अडीच हजारांना नाही. बाजारात घासाघीस करण्याआधी पेन उघडून दाखवायला सांगावं. जो उघडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

त्याच फडक्यावर एक काळं, जाडसर, ड्रॉपरने भरायचं पेन होतं. कोणाचं नाव नाही, निब स्टीलचं. अंगठ्याने जोरात घासलं आणि हुंगलं, तर गंधकाचा वास आला. म्हणजे एबोनाइट. चारशे रुपयांना घेतलं आणि फार खूश झाले. एबोनाइट म्हणजे रबरच, फक्त त्यात गंधक भरपूर, तीस टक्के आणि वर, घालून ते इतकं तापवलेलं असतं की ते लाकडासारखं कडक होतं. लेथवर कातता येतं, हाताला कोमट लागतं, घामाने निसटत नाही. प्लास्टिकचं पेन हातात धरलं की फरक लगेच कळतो.

आता माझा शहाणपणा. निबाच्या खाली जी जीभ असते तिच्यात वाळलेली शाई अडकलेली होती. मी अख्खं पेन रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी काळं पेन शेवाळी तपकिरी झालेलं. जुन्या एबोनाइटच्या पृष्ठभागावरच्या गंधकाचं हवेने आणि उजेडाने ऑक्सिडेशन झालेलं असतं, त्यात पाणी मुरलं की तो रंग वर येतो. हे मी दरवर्षी वेगळ्या शब्दांत फळ्यावर लिहिते. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "हा प्रॅक्टिकलचा भाग होता का?" जीभ आणि निब काढून तेवढंच पाण्यात ठेवायला हवं होतं, अंग ओल्या फडक्याने पुसलं असतं तरी पुरलं असतं. पेन अजून छान चालतं, दिसतं मात्र आमटीत बुडवून काढल्यासारखं. ज्यांना एबोनाइटच हवं आहे त्यांनी जुन्याच्या मागे लागू नये असं माझं मत झालंय. राजमहेंद्रीचं रत्नम 1932 पासून पेनं बनवतं, आपल्या देशात आजही लेथवर कातलेली नवी एबोनाइटची पेनं मिळतात, आणि ती काळी असतात.

तिसरं पेन म्हणजे शेफरचं स्नॉर्केल. हे मी परदेशातल्या विक्रेत्याकडून मागवलं, कस्टम धरून साडेसहा हजार पडले. 1952 ला आलेलं हे पेन बनवणाऱ्याच्या डोक्याला सलाम. मागची टोपी फिरवली की निबाखालून एक बारीक नळी पुढे येते, डासाच्या सोंडेसारखी. मागचा दांडा बाहेर ओढायचा, सोंड दौतीत बुडवायची, दांडा आत दाबायचा. हवेच्या दाबाने आतली पिशवी चेपते आणि दांडा तळाला गेला की फुगून शाई ओढून घेते. दहा आकडे मोजायचे, सोंड परत आत घ्यायची. निब शाईला शिवतसुद्धा नाही, त्यामुळे निब पुसायचं फडकं लागत नाही. फिल्टर कॉफी पिण्यासाठी इंजिन बसवल्यासारखं आहे, पण काय इंजिन!

फक्त माझं चालेना. विक्रेत्याने वर्णनात "अनटेस्टेड" लिहिलं होतं. मी भाबडेपणाने समजले की त्याला वेळ मिळाला नसेल. आतली लेटेक्सची पिशवी खडखडत होती. उघडल्यावर काळ्या पापडाचा चुरा बाहेर पडला. दांड्याभोवतीची रबरी कडी सपाट झालेली, निबामागचं गॅस्केट दगड झालेलं. पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी तीनही बदलून दिलं, अठराशे रुपये आणि पाच आठवडे. ते म्हणाले, "मॅडम, निब तुटलेलं पेन माझ्याकडे महिन्यातून एखादं येतं. रबर गेलेलं रोज येतं." दुरुस्तीनंतर ते लिहितं मात्र असं की वहीचं पान संपलं की वाईट वाटतं. निब शंकूसारखं गोल वळवलेलं आहे, टोक किंचित वर उचललेलं, आणि शाई ओली, भरघोस. आठवड्यातून एकदा, पत्रासाठी किंवा डायरीसाठी. रोजच्या धबडग्यात ते न्यायचा धीर होत नाही, कारण एवढे हलणारे भाग असलेलं पेन कधीतरी रुसणारच.

चौथं, एस्टरब्रुक कंपनीचं "जे" मॉडेल, मी मुद्दाम मोडकं घेतलं. एक तर स्वस्त, आणि दुरुस्ती शिकायची होती. अमेरिकेतल्या न्यू जर्सीची ही कंपनी आधी टाकाच्या निबांसाठी ओळखली जायची, त्यामुळे पेनातही निब आट्यांवर बसवलेलं: फिरवायचं, काढायचं, दुसरं लावायचं. निबावर चार आकडे असतात. 9 ने सुरू होणाऱ्यांच्या टोकाला कठीण धातू जोडलेला असतो, 1 आणि 2 ने सुरू होणाऱ्यांचं टोक नुसतं स्टील दुमडून केलेलं, म्हणून लवकर झिजतं. घेताना 9 बघा.

या पेनात शाईची नवी रबरी पिशवी चिकटवायला लाख (चपडा) लागते. परदेशातली मंडळी छोटी बाटली मागवतात. मी आमच्या गल्लीतल्या फर्निचर पॉलिशवाल्याकडून दहा रुपयांचा चपडा आणला आणि स्पिरिटमध्ये विरघळवला. फेविक्विक लावायचा मोह कोणालाही होईल, पण तो लावला की पुढच्या माणसाला ते पेन फोडावंच लागतं. लाख थोड्या उबेने सुटते. जुनी पिशवी खरवडून काढायची, नवी कापून मापाला आणायची, टोकाला लाख, रात्रभर वाळू द्यायचं. मग पिशवीवर शंखजिऱ्याची चिमूटभर पूड, म्हणजे आतल्या पट्टीला घासली जाऊन फाटत नाही. सुवासिक टाल्कम नको. पहिल्या खेपेला पिशवी लांब कापली, पेन बंदच होईना. दुसऱ्या खेपेला जमलं. शाई भरायची बाजूची तरफ उचलली, सोडली, शाईचे बुडबुडे आले, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना दाखवून आले. कोणालाही फारसं कौतुक वाटलं नाही.

शाईबाबत जास्त प्रयोग करू नका. मी साध्या धुऊन जाणाऱ्या निळ्यावर आहे, पार्करची क्विंक किंवा कॅमल. कॅम्लिन ही दांडेकर बंधूंची कंपनी 1931 ला शाईतूनच उभी राहिली, आणि ती बाटली आजही कोपऱ्यावर मिळते. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई चुकूनही भरू नका, तिच्यात लाख किंवा तसलं काही असतं आणि ती जिभेत बसली की निघत नाही. पार्करची जुनी सुपरक्रोम नावाची शाई कुठे बंद बाटलीत मिळाली तर शोकेसमध्ये ठेवा. ती इतकी अल्कधर्मी होती की तिने पेनांचे आतले भाग खाल्ले. कागदाचं रडगाणं वेगळं. आमच्या परीक्षा विभागाच्या कागदावर स्नॉर्केलची शाई फुटते, 51 ची नाही. पावसाळ्यात चामड्याच्या पेनकेसला बुरशी आली, तेव्हापासून सगळी जुन्या चष्म्याच्या डब्यात, सिलिकाच्या पुडीबरोबर.

कोणी विचारलं तर मी पहिलं पेन म्हणून 1948 नंतरचं 51 सांगते. निबाचं टोक सोनाराच्या भिंगातून बघा, दोन्ही पाती समोरासमोर आणि टोकाची गोळी शाबूत हवी. मग पाणी भरून दाखवायला सांगा. टोपणावरचे ओरखडे, कोरलेलं परक्याचं नाव, याला मी आता पैसे कमी करायला वापरते. लिहिण्याला त्याने काही होत नाही. निबावरची पुढची टोपी मात्र ऊब दिल्याशिवाय पिरगाळू नका, ती लाखेने बसवलेली असते आणि तडकते.

परवा एकाने एक सुंदर 51 विक्रीला टाकलं, चांदीचं टोपण, गडद तपकिरी अंग, मागे दट्ट्या. व्हॅक्युमॅटिक. दोन दिवस मी तो फोटो बघत होते. शेवटी विचारलं, पडदा कधी बदललाय? उत्तर आलं: "मॅडम, पेन एकदम ओरिजिनल आहे, आतून काहीही बदललेलं नाही."