एडविन चॅडविक वर्गात: किशोरांसाठीच्या एका इतिहाससंचाचे परीक्षण

इंग्लंडमध्ये जीसीएसईला (सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायच्या शालेय परीक्षेला) इतिहास घेणाऱ्या अनेक मुलांना वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्याच्या वाटचालीचा भाग असतो, आणि त्यात एकोणिसाव्या शतकातला इंग्रज आरोग्यसुधारक एडविन चॅडविक हमखास भेटतो. परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या हातात दिवा आहे, कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवणारा डॉक्टर जॉन स्नो याच्या वाट्याला दूषित पाण्याच्या पंपाचा काढलेला दांडा आला आहे; चॅडविकपाशी मात्र अहवाल, समित्या आणि भांडणे यांपलीकडे काही नाही. अशा माणसावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र संच काढणे हे धाडसच, आणि इयर टेनच्या (याच वयाच्या मुलांच्या) वर्गात तो वापरल्यावर मला ते बऱ्याच अंशी यशस्वी वाटले.

संचात मूळ कागदपत्रांतील उताऱ्यांची कार्डे, मँचेस्टरचा जुना नकाशा, वादसभेसाठी भूमिकापत्रे आणि शिक्षकांसाठी पुस्तिका आहे. यांतले सर्वांत मोलाचे पान म्हणजे कष्टकऱ्यांच्या आरोग्यस्थितीवरील चॅडविकच्या 1842 च्या अहवालातील मृत्यूच्या सरासरी वयाचा तक्ता. मँचेस्टरमध्ये उच्चभ्रू आणि व्यावसायिक कुटुंबांत हे वय 38, व्यापाऱ्यांत 20 आणि मजुरांत 17. ग्रामीण रटलंडमध्ये तेच आकडे अनुक्रमे 52, 41 आणि 38. खेड्यातला मजूर आणि शहरातला उच्चभ्रू एकाच आकड्यावर आलेले पाहून वर्ग गप्प झाला, आणि मग प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. मात्र 17 या आकड्याचा अर्थ मजूर सतराव्या वर्षी मरत असत असा नसून, असंख्य बालमृत्यूंमुळे सरासरी इतकी खाली ओढली जात असे, हा खुलासा मुलांच्या पानावर कोठेच नाही. तो शिक्षक-पुस्तिकेच्या एका तळटीपेत दडला आहे. घरी पालकांच्या मदतीने हा संच वापरणारे मूल चुकीचा निष्कर्ष काढून मोकळे होईल. प्रकाशकांनी ही उणीव पुढील आवृत्तीत दूर करावी.

वादसभेचा भाग त्याहून सरस आहे. 1848 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने केंद्रीय आरोग्य मंडळ स्थापन झाले, चॅडविक त्याचा सदस्य होता, आणि दर हजारी 23 पेक्षा अधिक मृत्युदर असलेल्या गावांवर स्थानिक मंडळ लादण्याचा अधिकार त्याला मिळाला. त्या गावातला करदाता, घरमालक, डॉक्टर आणि मजुराची विधवा अशा भूमिका मुलांना दिल्या आहेत. माझ्या वर्गात खर्चाला विरोध करणाऱ्या करदात्याची बाजू घेणारी मुले इतकी हिरिरीने बोलली, की 1854 मध्ये चॅडविकला मंडळावरचे पद का सोडावे लागले हे वेगळे समजावण्याची गरजच उरली नाही.

त्याच्या चुकीच्या सिद्धान्ताचीही मांडणी प्रामाणिक आहे. रोग दुर्गंधीतून पसरतो या ठाम समजुतीपोटी त्याने घरांजवळची घाण हटवण्याचा, नळाच्या पाण्याचा आणि भुयारी गटारांचा आग्रह धरला. परंतु याच समजुतीमुळे 1848-49 च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनची गटारे थेम्समध्ये धुऊन काढण्यात आली, आणि अनेक घरांचे पिण्याचे पाणी त्याच नदीतून येत होते. उपाय बहुतांशी योग्य आणि कारण साफ चुकीचे, हा गुंता इतक्या सोप्या भाषेत उलगडलेला मी क्वचितच पाहिला आहे.

माझी खरी तक्रार गाळलेल्या भागाबद्दल आहे. 1834 च्या गरीब कायद्याचा एक मुख्य शिल्पकार हाच चॅडविक. ज्या वर्कहाउसमध्ये (मदत मागणाऱ्या गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहात) नवरा-बायकोला वेगळे ठेवले जाई आणि जिथले जगणे मुद्दाम बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराहूनही खडतर ठेवायचे असे धोरण होते, त्या व्यवस्थेचा उल्लेख संचात एका ओळीत आटोपला आहे. वास्तविक तिथूनच तो आरोग्याकडे वळला: कमावता माणूस तापाने गेला की त्याची विधवा आणि मुले करातून चालणाऱ्या गरीबनिधीवर येतात, तेव्हा रोग रोखणेच स्वस्त, असा त्याचा हिशेब होता. हे सांगितल्याशिवाय तो नुसता परोपकारी सद्गृहस्थ ठरतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलांना असे सद्गृहस्थ फारसे पटत नाहीत. मी वर्कहाउसच्या नियमांचे एक पान स्वतः जोडले, तेव्हा चर्चेला धार आली.

छपाई उत्तम असून कार्डे जाड पुठ्ठ्याची आहेत. नकाशातील अक्षरे मात्र भिंगाशिवाय वाचवत नाहीत. किंमत एका कुटुंबासाठी जास्त आहे, त्यामुळे पालकांनी आधी शाळेच्या ग्रंथालयात चौकशी करावी. वर्गासाठी घ्यायचा असेल तर तो घेण्याजोगा आहे, फक्त तक्त्याचा खुलासा आणि वर्कहाउसचे पान सोबत ठेवावे.