मराठी फायलींत शोध-बदल करायला सेड आणि ग्रेप: काही महिने वापरल्यावर

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या ऑफिसात स्पर्धा परीक्षांचे प्रश्नसंच तयार होतात. मजकूर सगळा साध्या टेक्स्ट फायलींत, विषयवार फोल्डरांत. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्हे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एकेक फाइल उघडून नावं बदलायची म्हणजे उन्हाळा गेला असता. त्या कामासाठी उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडांची फाइल, लिहिली आणि आता ती रोजच्या वापरात आहे.

रचना साधी आहे, तीन छोट्या कमांडांची. ग्रेप फोल्डर धुंडाळून शब्द असलेल्या फायलींची यादी देतो, एक्सआर्ग्स ती यादी सेडकडे सोपवतो, सेड बदल करतो. ग्रेप आणि सेड दोन्ही १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये जन्मले आणि आजही त्यांचा वेग थक्क करतो. फायलींच्या नावांत स्पेस असेल (आमच्याकडे 'इतिहास भाग २' अशीच नावं असतात) तर ग्रेपला कॅपिटल झेड (-Z) आणि एक्सआर्ग्सला शून्याचा पर्याय (-0) द्यायलाच हवा; नाहीतर एका नावाचे तीन तुकडे होतात. सेडच्या आय पर्यायाला (-i, म्हणजे फाइलमध्येच बदल करण्याचा) चिकटूनच '.बॅक' असा प्रत्यय द्या. मूळ फाइलची प्रत राहते आणि हीच कमांड मॅकवरही चालते, कारण तिथला सेड प्रत्ययाशिवाय आय घेत नाही.

मराठीत खरी मेहनत आहे ती शोधण्यात. 'नागपूर' शोधलं तर 'नागपूरला', 'नागपूरचा' सापडतात. 'नागपुरात' सापडत नाही, कारण सामान्यरूपात पू ऱ्हस्व होतो. म्हणून मी 'नागप', मग चौकटी कंसात दोन्ही उकार (म्हणजे यांपैकी कुठलाही चालेल), मग 'र' असं शोधतो. 'प्रश्नपत्रिका' शोधून 'प्रश्नपत्रिकेत' कधीच हाती लागणार नाही. आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी प्रश्नसंच घातला की 'नवी प्रश्नसंच' होतं. लिंग बदललं की विशेषण आणि क्रियापद दोन्ही माणसानंच बघायचे. असे बदल मी स्क्रिप्टवर सोडत नाही, आणि इतरांनीही सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं.

त्याहून अवघड 'शेतकऱ्यांना'. डीटीपी बघणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या, "दादा, समोर दिसून राहिलं ना, मग हा सापडत नाही काहून म्हणते?" स्क्रीनवर शब्द हुबेहूब सारखा, पण ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात युनिकोडमधलं (अक्षरांना क्रमांक देणारी प्रणाली) ०९३१ क्रमांकाचं ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे २००डी क्रमांकाचं न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच, सेडला दोन वेगळे शब्द. एका टायपिस्टच्या फायली पहिल्या प्रकारच्या, दुसऱ्याच्या दुसऱ्या. आता कुठल्याही बदलाआधी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकारचा ऱ्य पहिल्यात आणते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकानं ही एक ओळ स्क्रिप्टच्या वरच ठेवावी.

नावांच्या बदलात आणखी एक गोष्ट आहे. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे, त्याला हात लागता कामा नये. 'ज्या ओळीत बिहार आहे ती सोड' हे सेडला एका उद्गारचिन्हानं सांगता येतं. पण १४९० मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगरच्या निजामशाहीवरचा प्रश्न? तिथे जुनंच नाव बरोबर, आणि ओळीत ओळखीची खूण असेलच असं नाही. इतिहासाचं फोल्डर म्हणूनच मी वेगळं काढतो आणि एकेक ओळ वाचून बदलतो. 'संभाजीनगर'च्या जागी 'छत्रपती संभाजीनगर' घालणारी कमांड दोनदा चालली की 'छत्रपती छत्रपती' होतं. जिथे आधीच छत्रपती आहे ती ओळ वगळण्याची अट घालून ठेवलेली बरी.

गिट (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) असेल तर उत्तमच. साध्या ग्रेपऐवजी गिट-ग्रेपनं यादी काढली की गिटच्या स्वतःच्या लपलेल्या फोल्डरात बदल होत नाहीत. तिथे सेड फिरला तर बदलांचा अख्खा इतिहास बिघडू शकतो. नंतर वर्ड-डिफ (गिटचाच शब्दवार फरक दाखवणारा पर्याय) लावून बघितलं की बदललेले शब्दच रंगात दिसतात. ताईंना टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आवडत नाही, पण हा रंगीत फरक त्या ओळ न ओळ तपासतात आणि माझ्या नजरेतून सुटलेलं त्यांना सापडतं.

वर्डच्या फायलींवर मात्र हे चालत नाही. डॉक्स (.docx) फाइल म्हणजे आतून झिप, ग्रेपला त्यात मराठी दिसतच नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूरही आत रोमन अक्षरांचा असतो. तो आधी युनिकोडमध्ये आणून, वाचून, मगच या स्क्रिप्टला द्यावा. आमची जुनी कपाटं सध्या याच कामात रिकामी होत आहेत.