रक्ताच्या कर्करोगाची आनुवंशिक तपासणी : नऊ महिन्यांनंतर

वडील ल्युकेमियाने गेले. काकांच्या प्लेटलेट कायम कमी. मला लहानपणापासून नाकातून रक्त यायचं, पलंगाच्या कडेला पाय लागला तरी काळानिळा डाग आठवडाभर राहायचा. गेल्या वर्षी प्लेटलेट ९० हजारांपर्यंत घसरल्या आणि रक्तविकारतज्ज्ञांनी ही तपासणी सुचवली.

आधी मी लाळेचं किट मागवलं, ते वाया गेलं. लाळेत पांढऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणजे तपासलं जातं बरंचसं रक्तच. जनुकातला बदल जन्मजात आहे की पुढे मज्जेत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे, झालाय, ते त्यावरून पक्कं सांगता येत नाही. मग दंडावरची त्वचा काढली, मसुराच्या डाळीएवढी. एक टाका. जखम दहा दिवसांत भरली, पण त्या पेशी वाढवून तपासायला कित्येक आठवडे गेले. त्या आठवड्यांची तयारी आधीच ठेवा.

रनएक्स-१ जनुकात बिघाड निघाला. घराण्यात चालत येणाऱ्या प्लेटलेटच्या विकाराशी त्याचा संबंध १९९९ मध्येच उलगडला होता. आनुवंशिक तपासणीचा अर्थ समजावून सांगणाऱ्या काउन्सेलर बाईंनी कागदावर झाड काढून दाखवलं : जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली, पण तेवढ्याने कर्करोग होत नाही. मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या एखाद्या मूळपेशीत आणखी बदल साचतात, तिचा वंश वाढतो, त्यातली एखादी फांदी घातक होते. अनेकांच्या बाबतीत ती वेळ येतच नाही. हे ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली.

रिपोर्टबद्दल मात्र तक्रार आहे. अकरा पानं, कामाची ओळ सातव्या पानावर. दुसऱ्या एका जनुकापुढे ‘अर्थ अनिश्चित’ एवढंच लिहिलेलं. त्याला सध्या काही किंमत द्यायची नाही, हे प्रयोगशाळेतून कुणीही सांगितलं नाही. काउन्सेलरशिवाय हा रिपोर्ट उघडू नका.

सगळ्यात मोठा उपयोग बहिणीच्या बाबतीत झाला. तिच्या प्लेटलेट अगदी नॉर्मल, तरी तोच बिघाड तिच्यातही निघाला. उद्या मला मज्जारोपण लागलं असतं तर सख्खी बहीण म्हणून आधी तिचाच विचार झाला असता, आणि तोच बिघाड माझ्या अंगात पुन्हा आला असता. आता ते टळलं.

रोजच्या जगण्यात फरक म्हणजे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन बंद, दात काढण्याआधी डॉक्टरांना कल्पना, ठरावीक महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. एवढंच.

मुलीची तपासणी अजून केलेली नाही. तिच्यात हा बिघाड असण्याची शक्यता निम्मी आहे. ती अकरा वर्षांची आहे, खेळून आली की मी आधी तिचे गुडघे बघते.