डॅशकॅम रिव्ह्यू: इंडिकेटर दिला होता की नव्हता?

आठ महिने झाले हा पुढे-मागे दोन कॅमेरे असलेला डॅशकॅम (गाडीच्या काचेवर लावून रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा) वापरतेय, पुढचा ४के, मागचा १०८०पी, जीपीएस आतच आहे. रिव्ह्यू खरं तर आधीच लिहिणार होते, पण तेव्हा लिहिला असता तर "पिक्चर क्लिअर आहे, अ‍ॅप जरा स्लो आहे" एवढंच लिहून झालं असतं. मागच्या महिन्यात माझी गाडी दुसऱ्या गाडीला घासली. लागलं कोणालाच नाही, पण चूक कोणाची यावरून तीन आठवडे चाललं, आणि त्या तीन आठवड्यांत कळलं की हा कॅमेरा नेमकं काय दाखवतो आणि काय दाखवत नाही. म्हणून आता सविस्तर लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

झालं असं की मी माझ्या लेनमध्ये सरळ चालले होते, दादा शेजारी बसलेला, बाजूच्या लेनमधून मागून एक गाडी आली, पुढे निघाली आणि माझ्या लेनमध्ये घुसली. त्यांचा मागचा दरवाजा आणि माझ्या पुढच्या बंपरचा कोपरा, तिथे घासलं. दोघांनी गाड्या बाजूला घेतल्या. उतरल्या उतरल्या ते काका म्हणाले, "मी इंडिकेटर दिला होता, तुम्ही मुद्दाम स्पीड वाढवलात." मी म्हटलं, "अहो काका, इंडिकेटर कुठे होता? सरळ कट मारलात तुम्ही." दादापण म्हणाला की इंडिकेटर नव्हता. आम्ही दोघांनी शपथेवर सांगितलं असतं, इतकी खात्री होती.

घरी येऊन मागच्या कॅमेऱ्याची क्लिप लावली. इंडिकेटर होता. मागून येताना माझ्या बाजूचा त्यांचा दिवा तीनदा लागताना स्वच्छ दिसतो, मग गाडी फ्रेमच्या बाहेर जाते. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो, त्यामुळे तीनदा म्हणजे साधारण दोन सेकंद, फार नाही, पण "दिलाच नव्हता" हे माझं बोलणं साफ खोटं ठरलं. मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं आठवत होतं, दादालाही तसंच आठवत होतं, आणि दोन साक्षीदार एकच चुकीची गोष्ट इतक्या ठामपणे सांगू शकतात हे बघून मी हादरले. फक्त पुढचा कॅमेरा असलेलं मॉडेल घेतलं असतं तर हे कधीच कळलं नसतं आणि मी आजही काकांना खोटारडं म्हणत बसले असते. त्यामुळे पहिली गोष्ट हीच सांगते, मागचा कॅमेरा असलेलाच घ्या. मागून येणारा माणूस काय करत होता ते पुढच्या कॅमेऱ्याला दिसत नाही आणि लहानसहान धडकांमध्ये अर्धी भांडणं मागून येणाऱ्याचीच असतात.

आता कुठे कमी पडतो ते. दोन कॅमेरे आहेत म्हणजे सगळीकडचं दिसतं असं मला वाटायचं, तसं नाहीये. पुढची लेन्स १४० डिग्रीची, मागचीही तेवढीच, पण दारांच्या बाजूचा पट्टा दोन्हीत येत नाही. काकांची गाडी मागच्या व्हिडिओतून गेल्यावर पुढच्या व्हिडिओत यायला सेकंदभर लागतो आणि तेवढा वेळ ती कुठेच नाही. आणि घासलं तो बंपरचा कोपरा तर बॉनेटखाली, तो दिसतच नाही, फक्त आवाज येतो. मग आवाजावरून क्षण पकडावा लागतो. माइक चालू ठेवला होता म्हणून बरं झालं. दादा "अगं ब्रेक!" ओरडतो आणि त्यानंतर जेमतेम सेकंदाने घासल्याचा आवाज. अचानक काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायलाच माणसाला एक-दीड सेकंद लागतो, त्यामुळे दादा ओरडल्यावर मी थांबू शकले असते असं कोणी म्हणू शकत नाही. हे विमा कंपनीच्या सर्व्हेअरनेच (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) मला समजावलं. बाकी माइकवर गाडीतलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, बरोबर बसणाऱ्याला आधी सांगून ठेवा, काही देशांत आवाजाच्या आणि डॅशकॅमच्याच बाबतीत कडक नियम आहेत.

मग काकांचा दुसरा आरोप, की मी स्पीड वाढवला. व्हिडिओच्या खाली जीपीएसचा आकडा येतो. इंडिकेटर लागला तेव्हा ३८, मग ४१, मग ४४. म्हणजे वाढवलाच होता. मुद्दाम नाही, समोरचा रस्ता मोकळा झाला म्हणून पाय दाबला गेला असेल, पण आरशात बघितलं असतं तर दाबला नसता. इथे मी दोन दिवस स्वतःशीच भांडत होते की ही क्लिप विमा कंपनीला द्यायची का नुसती पुढची द्यायची, पुढच्यात तर काका पट्टी ओलांडून माझ्या लेनमध्ये येताना स्पष्ट दिसतात आणि मी माझ्या लेनमध्ये सरळ आहे. शेवटी दोन्ही दिल्या. अर्धा व्हिडिओ दाखवून जिंकायचं मला पटलं नाही.

जीपीएसच्या आकड्याबद्दल एक महत्त्वाचं, तो क्षणाक्षणाला बदलत नाही, बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदातून एकदाच बदलतो आणि थोडा मागेच असतो. म्हणून सर्व्हेअरने त्यावर विश्वास न ठेवता रस्त्यावरच्या तुटक पट्ट्यांवरून हिशोब केला, दोन पट्ट्यांमधलं अंतर जागेवर मोजलं आणि तेवढं अंतर जायला किती फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, लागल्या ते मोजलं. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला साधारण ३७ सेंटीमीटर, त्यामुळे हिशोब बऱ्यापैकी जवळ येतो. आकडा जवळपास तोच निघाला. हे बघताना मला इतकं छान वाटलं, की एवढ्याशा क्लिपमधून कोणाचंही न ऐकता स्पीड काढता येतो. पण अंतर डोळ्याने ठरवू नका, वाइड लेन्समध्ये सगळ्या गाड्या असतात त्यापेक्षा लांब दिसतात, पहिल्यांदा बघताना मला वाटलं काकांना घुसायला भरपूर जागा होती, प्रत्यक्षात नव्हती.

ओरखड्यांवरूनही बरंच कळतं, ते कॅमेऱ्याइतकंच कामाचं आहे. त्यांच्या दरवाजावर ओरखडा पुढून मागे गेलेला, सुरुवातीला खोल आणि मागे पुसट, माझ्या बंपरवर उलटा, मागून पुढे. म्हणजे घासताना त्यांची गाडी माझ्यापेक्षा वेगात होती. मी त्यांना मागून जाऊन धडकले असते तर उलटं दिसलं असतं. हे व्हिडिओत न दिसणाऱ्या त्या क्षणाबद्दल आहे म्हणून जास्त मोलाचं. गाड्या हलवायच्या आधी लांबून आणि जवळून फोटो काढा, काच किंवा प्लास्टिकचे तुकडे कुठे पडलेत ते पण, कारण गाड्या हलवल्या की कुठे घासलं हे तेच सांगतात. आम्ही फोटो न काढताच गाड्या हलवल्या, ही चूक दोघांचीही.

शेवटी निकाल काय, तर जास्त चूक काकांची, थोडी माझी. लेन बदलणाऱ्याने आधी खात्री करायची की कोणाला धोका होणार नाही, इंडिकेटर दिला म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. १९६८ च्या व्हिएन्नाच्या रस्ते वाहतूक करारात हेच आहे, आणि त्याच करारात हेही आहे की मागचा ओव्हरटेक करतोय हे दिसत असेल तर पुढच्याने स्पीड वाढवायचा नाही. मला दुसरी ओळ माहितीच नव्हती. मागून ठोकलं की मागच्याचीच चूक, एवढंच मला माहीत होतं, आणि ते अंतर ठेवायच्या नियमातून आलेलं आहे, पण समोरचा आत्ताच लेनमध्ये घुसलेला असेल तर अंतर ठेवायला वेळच मिळालेला नसतो, मग तो नियम जसाच्या तसा लागत नाही. त्यात परत प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा, कुठे चूक टक्क्यांत वाटतात, कुठे थोडी जरी चूक तुमची निघाली तरी भरपाई जाते. त्यामुळे जागेवर उभं राहून "माझी चूक" किंवा "तुमची चूक" असं काहीच लिहून देऊ नका, काय घडलं तेवढंच सांगा.

कोणीतरी विचारेल की गाडीत स्वतःचा रेकॉर्डर असतो ना, मग कॅमेरा कशाला. नव्या गाड्यांत असतो, पण तो जोराच्या धडकेसाठी असतो, साधारणपणे १५० मिलिसेकंदांत स्पीड एकदम ताशी ८ किलोमीटरने बदलला तरच तो नोंद ठेवतो. आमच्यासारख्या घासाघाशीत त्यात काहीही येत नाही.

आणि आता माझी खरी तक्रार. या कॅमेऱ्यात जी-सेन्सर आहे, धक्का लागला की ती फाइल लॉक होते म्हणजे वरून नवीन रेकॉर्डिंग होत नाही. आमच्या वेळी लॉक झालीच नाही! बाजूने घासलं तर धक्का हळूच लागतो, सेन्सरला तो कळतच नाही. मी सेन्सर 'लो' वर ठेवला होता कारण 'हाय' वर प्रत्येक खड्ड्याला लॉक व्हायचं आणि कार्ड लॉक फाइलींनी भरायचं. माझ्या ६४ जीबी कार्डात सगळं मिळून साडेतीन तासांच्या आसपास रेकॉर्डिंग मावतं, पुढे जुनं पुसलं जातं. दादाने रस्त्यातच लॉकचं बटण दाबलं म्हणून क्लिप राहिली. पण बटणाने चालू फाइलच लॉक होते, आणि माझ्या सेटिंगवर फाइल एक मिनिटाची, इंडिकेटर आधीच्या फाइलमध्ये आणि घासल्याचा आवाज पुढच्या फाइलमध्ये. आधीची फाइल लॉक नव्हती, मी त्याच संध्याकाळी कार्ड काढलं म्हणून वाचली. कंपनीने बटण दाबल्यावर आधीची फाइलपण लॉक करायला हवी, हे करायला काय अवघड आहे? आता मी फाइल तीन मिनिटांची केलीय आणि १२८ जीबीचं हाय एन्ड्युरन्स कार्ड टाकलंय, साधं कार्ड सतत लिहून लिहून लवकर खराब होतं.

चांगलं म्हणजे आत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आहे, उन्हात तापलेल्या काचेवर बॅटरी फुगते, हा इतक्या दिवसांत एकदाही बंद पडला नाही, आणि गाडी बंद केल्यावर शेवटची फाइल नीट सेव्ह होते. एलईडी सिग्नल मात्र व्हिडिओत कधीकधी विझल्यासारखा दिसतो, तो दिवा खूप वेगाने लागतविझत असतो आणि कॅमेऱ्याची वेळ त्याच्याशी जुळली की असं होतं. सिग्नल कोणी तोडला हा वाद असेल तर आजूबाजूच्या फ्रेमपण बघा, एकाच फ्रेमवरून कोणाला दोषी ठरवू नका. रात्री समोरून हेडलाइट आले की नंबर प्लेट वाचता येत नाही, दिवसा जवळच्या गाडीची येते. अ‍ॅप स्लो आहे हे खरंच आहे, मी कार्ड काढून लॅपटॉपलाच लावते.

काकांना मी दोन्ही क्लिप पाठवल्या आणि फोन करून सांगितलं की इंडिकेटर तुम्ही दिला होता, माझं बोलणं चुकलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मीपण आरशात नीट बघितलं नव्हतं हो." त्यानंतर दोन दिवसांत सगळे कागद झाले, त्याआधी तीन आठवडे अडकलेले.

पाचपैकी चार स्टार. एक लॉकच्या भानगडीसाठी कापलाय, अपडेटमध्ये दुरुस्त केलं तर परत देईन.