स्मार्ट डिमर : शहापुरातल्या जुन्या घरात एक पावसाळा वापरल्यानंतर

घरातल्या दिव्यांसाठी स्मार्ट डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारा आणि मोबाइलवरूनही चालणारा स्विच, घ्यावा का, असे कोणी विचारले, तर मी त्यांना आधी छताकडे बघायला सांगते. तिथे कोणता बल्ब आहे, त्या बल्बच्या खोक्यावर काय छापले आहे आणि बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार पोचली आहे की नाही, यावर डिमरचे सगळे सुख-दुःख ठरते. मोबाइलचे ॲप आणि बोलून दिवा लावणे या गोष्टी फार नंतर येतात. आमचे घर बेळगावातल्या शहापूर भागात आहे. तळमजला जांभ्या चिऱ्यांचा, जाड भिंतींचा आणि वरचा मजला अलीकडचा, स्लॅबचा आहे. दोन्ही मजल्यांवर हे डिमर बसवून एक पूर्ण पावसाळा वापरल्यामुळे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही वायरिंगमधला त्यांचा अनुभव सांगता येतो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच बांधणीचे डिमर बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष त्या सर्वांना लागू पडतील.

आम्ही घेतलेला डिमर दोन मॉड्यूल आकाराचा, काचेच्या पट्टीवर स्पर्शाने चालणारा आहे. नेहमीच्या मॉड्युलर प्लेटमध्ये दोन स्विचांच्या जागी तो बसतो. पट्टीवर बोट वर सरकवले की प्रकाश वाढतो, खाली सरकवले की कमी होतो आणि एकदा टेकवले की दिवा लागतो किंवा विझतो. घरातल्या वाय-फायवर तो थेट चालतो, वेगळा हब, म्हणजे मधले जोडणीचे यंत्र, लागत नाही. प्रत्येकी सुमारे दीड हजार रुपये पडले. ही किंमत एका बल्बच्या स्विचसाठी जास्तच आहे, याबद्दल आमच्या घरात अजूनही दुमत नाही.

बसवण्याच्या कामात न्यूट्रलचा प्रश्न पहिला येतो. साध्या स्विचला फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, लागते. तो दिव्याकडे जाणारी तार जोडतो किंवा तोडतो, एवढेच त्याचे काम. स्मार्ट डिमरच्या पोटात मात्र वाय-फायची चिप असते आणि दिवा बंद असतानाही ती जागी राहावी म्हणून तिला फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा मिळाव्या लागतात. न्यूट्रलशिवाय चालणारे डिमरही विकले जातात, पण ते स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतात आणि त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद धुगधुगत राहतो. आपल्याकडे बहुतेक बोर्डांत एखादा सॉकेट असतो, म्हणून न्यूट्रल तिथवर आलेला असतो. सॉकेट नसलेल्या, नुसत्या स्विचांच्या बोर्डात तो असेलच असे नाही. आमच्या तळमजल्यावर केसिंग पट्टीतून गेलेले जुने वायरिंग आहे आणि त्यात काळी तार न्यूट्रलचीच असेल याची कोणतीही हमी नाही, हे टेस्टर लावताच उघड झाले.

वायरमनने इथे एक गोष्ट चांगली केली. माजघराच्या बोर्डात न्यूट्रल नव्हता, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या सॉकेटमधून तो ओढून घ्यावा असे मी सुचवले. त्याने सरळ नकार दिला. "दुसऱ्या लाइनीचं न्यूट्रल इकडं घेतलं की आरसीसीबी पडत राहतंय बघा, मग मला फोन करशिला," असे तो म्हणाला आणि त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. आरसीसीबी ही वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ताडून बघते. दोन सर्किटांना वेगवेगळ्या आरसीसीबी असताना एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल वापरला की दोन्हींचा हिशेब जुळत नाही आणि ती लगेच पडते. त्यामुळे माजघरासाठी मेन बोर्डापासून त्याच सर्किटची नवी तार आणावी लागली आणि त्याचा खर्च डिमरच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात गेला.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनी आणखी एक खबरदारी घ्यायला हवी, जी डिमरसोबतच्या माहितीपत्रकात कुठेही नाही. मेन स्विच पाडला की घर निर्वीज झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात मेन पाडताच इन्व्हर्टर सुरू होतो आणि दिव्यांच्या तारा पुन्हा जिवंत होतात. बोर्ड उघडण्यापूर्वी इन्व्हर्टरही बंद करून, प्रत्येक तारेला टेस्टर लावून खात्री करावी. स्वतः हे काम करण्याच्या फंदात न पडता वायरमनला बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोर्डामागची पेटी किती खोल आहे, हा तिसरा अडथळा. साध्या स्विचच्या मागे जागा उरते, डिमरच्या मागे उरत नाही. वरच्या मजल्यावरच्या भिंतीत बसवलेल्या पेट्या खोल होत्या, तिथे काम सुरळीत झाले. तळमजल्यावर उथळ पेटीत तारा दाबून बसवताना प्लेट एका बाजूने उचललेली राहिली, म्हणून शेवटी जुनी पेटी काढून भिंतीवर बाहेरून खोल पेटी लावली. दिसायला ती बरी दिसत नाही. पण तारा कोंबून बसवल्या, तर डिमरला तापायला कारण मिळते आणि डिमर चालताना थोडा गरम होतच असतो, तेव्हा दिसण्यापेक्षा हेच बरे.

आता मुख्य विषय, बल्बचा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, म्हणजे तिच्या लाटेचे सेकंदाला शंभर अर्धे भाग होतात. डिमर यातल्या प्रत्येक अर्ध्या भागाचा तुकडा कापून टाकतो. जेवढा मोठा तुकडा कापला जाईल, तेवढा प्रकाश कमी. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेत असल्यामुळे तिला हे तुकडे जाणवत नसत आणि प्रकाश लोण्यासारखा खाली येई. एलईडी बल्बच्या आत मात्र स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे वीज एलईडीला हवी तशी करून देणारे सर्किट, असतो आणि साध्या, स्वस्त बल्बातला ड्रायव्हर मिळेल त्या विजेतून प्रकाश कायम राखायचा प्रयत्न करतो. त्याला कापलेली लाट दिली की तो काही काळ तोच प्रकाश देतो, मग अचानक लुकलुकू लागतो आणि त्यानंतर विझतो. आमच्या हॉलमधल्या नऊ वॅटच्या साध्या बल्बने हा सगळा क्रम दाखवला. शंभरपासून साठ टक्क्यांपर्यंत डोळ्यांना काहीच फरक दिसला नाही, चाळिसाच्या आसपास थरथर सुरू झाली आणि त्याखाली अंधार. यात डिमरचा दोष नव्हता. बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरांत तो डिमरवर चालणार नाही असे छापलेलेच असते.

डिमेबल एलईडी बल्ब मिळवणे हे बेळगावात डिमर मिळवण्यापेक्षा अवघड काम ठरले. खडे बाजार आणि मारुती गल्लीच्या बाजूला विचारत फिरल्यावर बहुतेक ठिकाणी रंग बदलणारे बल्ब किंवा बटणागणिक तीन पायऱ्यांनी मंद होणारे बल्ब पुढे करण्यात आले आणि हे दोन्ही प्रकार वेगळे आहेत. तीन पायऱ्यांचा बल्ब साध्या स्विचवरच वापरायचा असतो. खरे डिमेबल बल्ब अखेरीस ऑनलाइन मागवले आणि ते साध्या बल्बच्या सुमारे अडीचपट किमतीला पडले. ते लावल्यावर मात्र त्याच डिमरचे रूप पालटले. प्रकाश पंधरा टक्क्यांपर्यंत सलग, न थरथरता खाली येतो. त्याखाली बल्ब कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणून ॲपमध्ये किमान पातळी पंधरावर बांधून टाकली आहे. ही सोय प्रत्येक डिमरमध्ये असतेच असे नाही, तेव्हा घेताना विचारून घ्यावी. अर्ध्या प्रकाशावर बोर्डातून येणारी बारीक घूं-घूं मात्र गेलेली नाही. दिवसा ती ऐकू येत नाही. रात्री पलंग बोर्डाला लागून असेल, तर जाणवते. लाटेचा पुढचा भाग कापणाऱ्या डिमरपेक्षा मागचा भाग कापणारे डिमर एलईडीवर शांत चालतात, पण ते महाग आहेत.

ट्यूबलाइट, साध्या ड्रायव्हरचे पॅनेल लाइट आणि गणपतीच्या आराशीच्या माळा या डिमरवर लावू नयेत. पंखा तर मुळीच लावू नये. दिव्याचा डिमर आणि पंख्याचा रेग्युलेटर या वेगळ्या वस्तू आहेत आणि दिव्याच्या डिमरवर पंख्याची मोटार घुमते व तापते. जिन्याच्या दिव्याला खाली-वर दोन ठिकाणी स्विच असतात, तिथे हा डिमर एकटा चालत नाही, म्हणून जिना आम्ही वगळला.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आईच्या खोलीत आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला एकदम लागलेला पांढरा दिवा सहन होत नाही आणि अंधारात उठणे धोक्याचे. पूर्वी तिथे झिरोचा बल्ब होता, पण त्यात औषधाच्या गोळ्यांचे पाकीट ओळखता येत नसे. आता रात्री दिवा वीस टक्क्यांवर लागतो आणि दोन सेकंदांत हळूहळू उजळतो. गोळी शोधायची तर ती बोट थोडे वर सरकवते. ॲप तिने कधी उघडलेले नाही आणि उघडण्याची गरजही पडलेली नाही. डिमर निवडताना मी याच गोष्टीला सर्वाधिक गुण देईन : मोबाइल हातात नसताना, वाय-फाय गेलेले असताना, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तो भिंतीवर वापरता आला पाहिजे. आमचा डिमर या कसोटीला उतरतो. फक्त ओल्या हाताने काचेची पट्टी नीट दाद देत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरासाठी गोल फिरवायच्या बटणाचा डिमर घ्यावा.

देवघरातला दिवा सूर्यास्ताच्या वेळेशी बांधला आहे. बेळगावात नोव्हेंबरात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जुलैत सातनंतर मावळतो. ॲप शहराचे स्थान धरून ही वेळ रोज आपोआप बदलते, त्यामुळे दिवेलागणीला तो दिवा वेळेवर लागतो. ही सोय निर्दोष चालली आहे. आवाजाने दिवे चालवण्याचे कौतुक मात्र लवकर ओसरले. अलेक्साला हिंदीत किंवा इंग्रजीत सांगता येते, मराठीत किंवा कन्नडमध्ये नाही आणि मराठीत बोलणाऱ्या घरात दिव्यापुरते हिंदीत वळणे कोणालाच रुचले नाही.

वाय-फायबद्दल एकच सांगणे आहे. हे डिमर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या दूरवर पोचणाऱ्या पट्ट्यावरच चालतात आणि जांभ्याच्या दोन जाड भिंती ओलांडताना तोही सिग्नल दमतो. माजघराचा डिमर दिवसाआड जोडणी तोडत असे. राउटर मधल्या दाराच्या वर टांगल्यावर ते थांबले.

पावसाळ्यात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. अशा वेळी डिमर काय करतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. कारखान्यातून येताना आमच्या डिमरची मांडणी अशी होती की, वीज परतताच दिवा पूर्ण प्रकाशात लागेल. परिणामी मध्यरात्री लाइट आली की घर लख्ख उजळून सगळे जागे होत. ॲपच्या सेटिंगमध्ये 'चालू', 'बंद' आणि 'पूर्वीप्रमाणे' असे तीन पर्याय आहेत, त्यांतला तिसरा निवडावा. इन्व्हर्टरवर आणखी एक अडचण दिसते. आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा आहे आणि त्यावर मंद केलेले दिवे थरथरतात, डिमरचा आवाजही वाढतो. साइन वेव्हच्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लाट देणाऱ्या इन्व्हर्टरवर, बहिणीच्या सध्याच्या घरी लावून पाहिला, तेव्हा तोच डिमर तोच बल्ब घेऊन स्वस्थ चालला.

वीजबचतीसाठी कोणी हा डिमर घेत असेल, तर घेऊ नये. नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास अर्ध्या प्रकाशात लावला आणि त्याने वीजही बरोबर अर्धीच घेतली असे धरले, तरी महिन्याला पाऊण युनिटही वाचत नाही. उलट डिमर स्वतः चोवीस तास अर्धा ते एक वॅट खात असतो. एक वॅट धरला, तर महिन्याचे ते पाऊण युनिटाच्या जवळपासच होते. म्हणजे वाचलेले त्यानेच खाल्ले. कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली २०२२-२३ सालातल्या सरासरी वापरापेक्षा थोडी अधिक, पण जास्तीत जास्त २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज माफ आहे आणि महिन्याचा वापर २०० च्या पुढे गेला की संपूर्ण बिल भरावे लागते. काठावर असलेल्या घरात असे सात-आठ डिमर लावले आणि दिवे मात्र पूर्ण प्रकाशात वापरले, तर महिन्याला पाच-सहा युनिटे केवळ त्यांच्या जागे राहण्यात जातील, याचा हिशेब आधी करावा.

विक्रीनंतरच्या सेवेत सीमाभागातल्या गिऱ्हाइकाची नेहमीची गत झाली. एका डिमरची पट्टी बिघडली, तेव्हा पिनकोड पाहून तक्रार हुबळीकडे वळवण्यात आली. कोल्हापूरचे केंद्रही साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, पण ते दुसऱ्या राज्यात असल्यामुळे तिकडून माणूस पाठवता येत नाही असे उत्तर मिळाले. शेवटी डिमर कुरिअरने पाठवला आणि बऱ्याच दिवसांनी बदलून आला. तोवर त्या जागी साधा स्विच लावून काम भागवले, म्हणून जुने स्विच टाकून देऊ नयेत.

टिळकवाडीत बहिणीच्या नव्या घराचे वायरिंग सध्या चालू आहे. प्रत्येक बोर्डात त्याच सर्किटचा न्यूट्रल सोडणे आणि खोल पेट्या बसवणे, एवढे तिने आत्ताच करून घेतले आहे, कारण भिंत उघडी असताना हा खर्च फारच थोडा येतो. डिमर ती फक्त झोपण्याच्या खोलीत आणि देवघरात लावणार आहे आणि बल्ब आधी मागवून, होल्डरला लावून पाहिल्याशिवाय तेही नाही.