एमजीबीची टाकी बदलताय? साधा पत्रा की स्टेनलेस

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची पेट्रोलची टाकी कुजते ती बहुतेक वरून. डिकीच्या तळाला खालून आवळलेली असते, मधल्या बोटभर फटीत धूळ आणि पाणी बसून राहतं. वाकून पाहिलं तर खालचा रंग ठणठणीत. माझी गाडी १९७२ची, टाकी बारा गॅलनची. सहा गॅलन भरलं तर काही नाही. गळ्यापर्यंत भरलं की पहिल्याच वळणावर पेट्रोलचा वास. दोन वर्षं मी अर्ध्या टाकीवर फिरलो. हा काही उपाय नव्हे, पण खूप जण हेच करतात.

जुन्या टाकीला आतून लेप द्यायचा मार्गही मी करून पाहिला. दीड उन्हाळा बरा गेला. मग लेपाचे पापुद्रे सुटून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर बसायला लागले. वीस मिनिटं चालली की गाडी दम टाकायची. कडेला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पापुद्रे तळाला बसायचे आणि स्वारी पुन्हा खुशीत सुरू. ब्रिटनमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून साध्या पंपावर ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. त्यातल्या इथेनॉलने लेप सुटला की माझी सफाईच कमी पडली, सांगता येणार नाही. तो नाद मी सोडला.

राहिल्या दोन नव्या टाक्या. या गाड्या बनवणारा ॲबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद झाला, पण पाच लाखांवर गाड्या निघाल्या असल्याने सुट्या भागांना तोटा नाही. साधी आणि स्टेनलेस दोन्ही सहज मिळतात. माझ्या वेळी स्टेनलेसला जवळजवळ दुप्पट पैसे पडले. एकदाच खर्च, मग जन्माची चिंता नाही, असं म्हणून मी आधी तीच घेतली.

दिसायला देखणी. बोल्टही नीट जुळले. घोडं अडलं सेंडरपाशी, म्हणजे किती पेट्रोल उरलंय ते काट्याला कळवणाऱ्या भागापाशी. या गाडीत सेंडर टाकीच्या डोक्यावर नसून कुशीत असतो, म्हणजे टाकी भरली की त्याचं पॅकिंग पेट्रोलमध्ये बुडालेलं. ते दाबून धरायला एक कडी असते; तिचे कान टाकीच्या खाचांत सरकवून पितळी दांड्याने ठोकत फिरवायची. जुन्या टाकीवर चार टोल्यांत बसणारी ही कडी स्टेनलेसवर अर्ध्यातच रुतली. स्टेनलेसचा पत्रा ताठ, काही केल्या दबेना. पातळ पॅकिंग घातलं तर सेंडर हलतो, जाड घातलं तर कडी खाचेतच शिरत नाही. तीन वेळा टाकी उपसली, तीन वेळा भरली. दर वेळी सकाळी तेच: कडीच्या खालच्या काठाला एक थेंब लोंबतोय. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं, फक्त त्यावर फिकट तांबूस गोल. आमच्या गराजचं आतलं दार स्वयंपाकघरात उघडतं. तिकडून आवाज यायचा, “अहो, तुमची गाडी परत रडतेय.” थेंब एकच, पण गॅसच्या शेगडीपासून आठ पावलांवर तो मला चालेना.

शेवटी ती परत केली आणि साधी पत्र्याची आणली. कडी चार टोल्यांत बसली. त्या दिवसापासून, म्हणजे सहा वर्षं, वर्तमानपत्र कोरडं आहे.

कदाचित माझीच टाकी खोड्याळ निघाली असेल. लेस्टरच्या एका मित्राच्या गाडीत स्टेनलेसची टाकी आहे आणि त्याला वास म्हणून माहीत नाही. गाडी हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालवत असाल, किंवा खाली कधी डोकावणारच नसाल, तर तुम्हाला तीच बरी. चाळीस वर्षांवरच्या गाडीला आता एमओटीची, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीची सक्ती नाही, तेव्हा तुमच्याशिवाय खाली बघणारं दुसरं कुणी नसतं. विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी कडी हाताने लावून बघू द्या, एवढंच म्हणेन.

साधी घेतलीत तर ती आली तशी लावू नका. वरच्या अंगाला रंगाचे दोन-तीन हात द्या, विशेषतः कडेच्या जोडावर. डिकीच्या तळाशी टेकणाऱ्या जुन्या पट्ट्या पाणी पितात. त्या फेकून पाणी न शोषणाऱ्या फोमच्या लावा. पेट्रोल भरायच्या नळीचं रबरही त्याच वेळी बदला, नाहीतर दोष टाकीला आणि गळती रबराची. मात्र रंगाच्या उत्साहात अर्थिंग, म्हणजे टाकीची गाडीच्या पत्र्याशी असलेली विजेची जोडणी, विसरू नका. मी टाकी अशी मढवली की पेट्रोलचा काटा उठेचना. एका बोल्टखालचा रंग खरवडला तेव्हा उठला, आणि तेव्हापासून तो अर्धी टाकी दाखवतो तेव्हा आत जेमतेम तीन गॅलन असतं.